दगडाखालचा अंधार

मोजणीच्या दिवशी कामठ्यांच्या बांधावर भांडण नव्हतं. ही एक गोष्ट शैलजा दरेकर पुढे कितीतरी महिने विसरू शकली नाही. भूकरमापक म्हणून एकोणतीस वर्षांत तिने तऱ्हेतऱ्हेचे बांध पाहिले होते. कुठे पोलीस बंदोबस्तात मोजणी करावी लागली होती, कुठे एका बाईने खुणेच्या दगडावरच बसकण मारली होती आणि दुपार उलटली तरी उठायचं नाव घेतलं नव्हतं. इथे मात्र थोरल्याच्या चुलीवर चहा उकळत होता आणि धाकट्याची बायको कपबश्या घेऊन बांधावरून येत होती.

थोरला रंगनाथ सदुसष्टचा, उंच, तोलून बोलणारा. धाकटा एकनाथ त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान आणि तोंडाने मोकळा. दोघांच्या अंजिराच्या बागा शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. रानडुकरं फार येऊ लागली म्हणून एकनाथला बागेला सौरकुंपण घालायचं होतं, आणि त्याच्या परवानगीला हद्दकायम मोजणीचा कागद लागत होता. निमित्त एवढंच.

"मॅडम, आलाच आहात तर ते सीताफळाचं झाड कुणाचं तेबी लिहून द्या," रंगनाथ म्हणाला. "एकतीस वर्षं झाली, हा माझी सीताफळं खातोय."

"फांद्या माझ्याकडं वाकल्यात दादा, त्याला मी काय करू? झाडालाबी माणूस कळतो."

सगळे हसले. चुलीजवळून अनसूयाबाईही हसल्या. त्या रंगनाथच्या बायको. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू, पायांत काही नाही.

बांधाच्या मधोमध खुणेचा दगड होता, एकट्या माणसाला कवेत उचलता येईल एवढा. दगड सरकारीच, मोजणीखात्याने रोवलेला; पण त्याच्या माथ्यावर शेंदूर होता आणि पायाशी वाळलेली झेंडूची फुलं. घरात त्याला बांधोबा म्हणत. दर अमावास्येला अनसूयाबाई त्याला दहीभाताचा नैवेद्य ठेवत. दोन्ही घरांचा राखणदार तो. खुणेच्या दगडाचा असा देव झालेला शैलजाने अनेक गावांत पाहिला होता. तिने वाकून नमस्कार केला आणि यंत्राची पेटी उघडली.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. गावोगाव लोक त्याला अंधारघड्याळ म्हणत. शैलजा प्रत्येक बांधावर ते समजावून सांगायची, तसं इथेही सांगितलं. मातीत गारेचे बारीक कण असतात. जमिनीतून सतत अगदी मंद, कुणाला न बाधणारा किरणोत्सर्ग चालू असतो. त्याच्या धक्क्याने कणांतले इलेक्ट्रॉन जागचे उडतात आणि स्फटिकातल्या खाचांमध्ये अडकून बसतात. कण जितकी वर्षं अंधारात राहील, तितके ते साठत जातात. एकदा का त्या कणावर ऊन पडलं, की सगळे सुटतात आणि खाचा रिकाम्या होतात. कण पुन्हा झाकला गेला की साठवण शून्यापासून सुरू. यंत्र कणावर निळा प्रकाश टाकतं, तेव्हा सुटणारे इलेक्ट्रॉन क्षीणसा उजेड सोडतात. त्या उजेडावरून कळतं, या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं. ही पद्धत जुनीच, पुरातत्त्ववाले खापरांचं वय काढायला ती वापरत. पण तेव्हा पाचपन्नास वर्षांची चूक सहज व्हायची. मातीतला किरणोत्सर्ग जागेवरच मोजता येऊ लागल्यापासून चूक महिन्या-दोन महिन्यांवर आली होती.

"म्हणजे दगडाखालच्या मातीला विचारायचं, की बाई तुझ्यावर झाकण कधी पडलं," एकनाथ म्हणाला.

"अगदी तसंच."

गेल्या वर्षापासून प्रत्येक हद्दमोजणीत ही तपासणी सक्तीची झाली होती. उपग्रहावर चालणारा रोव्हर दगड आज कुठे आहे ते बोटाच्या पेराइतकं अचूक सांगतो. काल तो कुठे होता हे त्याला कुठलं ठाऊक? जुने नकाशे जिथे होते तिथे अडचण नव्हती. कामठ्यांच्या गटाचं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीची नोंद, मात्र कार्यालय जुन्या इमारतीतून हलवताना वाळवी लागलेल्या गठ्ठ्यात गेलं होतं, आणि रोव्हरने इथे पहिली नोंद घेतली ती आठच वर्षांपूर्वी, २०३३ साली. त्याआधीचं सांगणारा एकटा दगड.

शैलजाने दगडावर काळा जाड कपडा पांघरला, स्वतः त्याच्या आत डोकं घातलं आणि बाजूने तिरपी नळी घालून दगडाच्या बुडाखालची चिमूटभर माती ओढून घेतली. दगड उचलायचा नाही असा नियम होता. नळी यंत्रात बसवली. चाळीस मिनिटं लागणार होती. वाटणी झाली २०१० साली, तेव्हाच दगड बसला. तेच साल पडद्यावर येणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

पडद्यावर आलं : ऑगस्ट ते सप्टेंबर २०२९.

शैलजाने दुसरी नळी घातली. उत्तर तेच.

तिने ते वाचून दाखवलं तेव्हा अनसूयाबाई चहाचं पातेलं घेऊन आल्या होत्या. पातेलं त्यांनी सावकाश खाली ठेवलं. त्यांची नजर नवऱ्याकडे गेली नाही, यंत्राकडेही गेली नाही. ती गेली बांधापलीकडे, जिथे एकनाथचा मुलगा मल्हार अंजिराच्या खोडाला टेकून फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता. एकोणीस वर्षांचा, पुण्याला शिकायला असलेला, सुट्टीत आलेला. ती नजर शैलजाच्या लक्षात राहिली. अर्थ तेव्हा लागला नाही.

एकनाथ बोटांवर काहीतरी मोजत होता.

"एकोणतीसचा श्रावण," तो म्हणाला. "त्या साली मल्हारला मेंदूज्वर झाला होता. सात वर्षांचं पोर. एकोणीस दिवस आम्ही दोघं पुण्याला दवाखान्यात. घरात, शेतात, आमचं कुणी नव्हतं."

"मी दगडाला हात लावलेला नाही," रंगनाथ म्हणाला. त्याने शेंदरावर तळवा टेकला. "ह्याची आण."

"यंत्र खोटं बोलतं का मॅडम?"

शैलजा म्हणाली, यंत्र खोटं बोलत नाही. ते खरंच होतं.

एकनाथ भावाकडे वळला. मग फार हळू बोलला, आणि हळू बोलला म्हणूनच ते सगळ्यांना ऐकू गेलं. "माझं पोर तिकडं घटका मोजत होतं दादा, आन् तू इकडं बांध कोरत होतास."

रंगनाथने बायकोकडे पाहिलं. ती घरातच होती त्या दिवसांत, तिने सांगावं की आपण असं काही केलं नाही, एवढीच त्याची अपेक्षा असावी. अनसूयाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि कपबश्या गोळा करायला लागल्या. चहा कुणीच घेतला नव्हता.

*

नियम सरळ होता. वाटणीनंतर दगड उचलला गेला असेल तर त्याची जागा पुरावा म्हणून धरायची नाही. हद्द क्षेत्रफळावरून काढायची. कागदावर दोघा भावांचे वाटे समसमान. शैलजाने आकडेमोड केली तेव्हा हद्द अकरा फूट रंगनाथच्या बाजूला सरकली. त्या अकरा फुटांत बावीस अंजिरांची एक ओळ होती, रंगनाथने स्वतःच्या हाताने लावलेली. सीताफळाचं झाड होतं. आणि बांधोबाही होता.

तिने नकाशावर सही केली. करायलाच हवी होती.

खुणेचा दगड हलवणं हा गुन्हा. पण एकनाथने तक्रार दिली नाही. त्याने बोलणं टाकलं. महिन्याभरात कुंपण उभं राहिलं. मल्हार लहानपणापासून चुलतीला मोठी आई म्हणायचा आणि पुण्याहून आला की पिशवी आधी तिच्या ओट्यावर टाकायचा. आता कांताने, त्याच्या आईने, त्याला तिकडे पाठवायचं बंद केलं.

चैत्रात दुसऱ्या एका मोजणीला जाताना शैलजा मुद्दाम त्या वाटेने गेली. कुंपणाच्या तारेशी पत्रावळीच्या तुकड्यावर दहीभात ठेवलेला होता. देव तारेच्या आत, अकरा फूट लांब. नैवेद्य बाहेर. त्यावर मुंग्या लागल्या होत्या.

ती गाडी वळवून जाधवअण्णांकडे गेली. अण्णा एक्क्याऐंशीचे होते, निवृत्त होऊन बावीस वर्षं झालेली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत शैलजाने त्यांच्याच हाताखाली मोजणीची साखळी ओढली होती, आणि कामठ्यांची वाटणी त्यांनीच मोजली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, दगड मीच रोवला, पण तोंडी साक्ष तुमचा नवा नियम धरत नाही, हे मला माहीत आहे. शिवाय त्या दोघांच्या बापाने वाटणी क्षेत्रावर केलीच नव्हती. झाडं मोजली, पाण्याची ओल पाहिली, थोरल्याकडे मुरूम होता म्हणून त्याला रुंदी जास्त दिली. धाकटा तेव्हा मान डोलवून हो म्हणाला होता. तोही विसरला असेल.

"मोजणीआधी घरातल्या बाईला विचारलंस का?" अण्णांनी विचारलं.

शैलजाने विचारलं नव्हतं. अण्णांची पद्धत तिला पाठ होती. साखळी खांद्यावरून उतरवायच्या आधी ते ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला बांधाबद्दल विचारायचे. पुरुष बांधावर भांडायला जातो, बाई रोज जाते, असं ते म्हणायचे. दिवा तीच लावते, गवत तीच काढते, दगडाला पाणी तीच घालते. यंत्र आल्यापासून शैलजाने ओट्यावर बसायचं सोडलं होतं. वेळ वाचत होता.

"आणि एक," अण्णा म्हणाले. "खळग्यात मी मूठभर कोळसा टाकायचो. कोळसा कुजत नाही. जुन्या लोकांची रीत. आता कुणी टाकत नाही."

*

दुपारची वेळ होती. रंगनाथ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. कोण आलं आहे हे कळूनही त्याने कूस बदलली नाही. अनसूयाबाईंनी शैलजाला परसदारी नेलं, पाण्याचा तांब्या दिला आणि समोर बसून वाल सोलायला घेतले.

शैलजाने यंत्र आणलं नव्हतं. तिने अण्णांसारखंच विचारलं, बांधोबाबद्दल सांगा.

अनसूयाबाईंनी ओंजळभर वाल सोलले. मग म्हणाल्या, "जागा तीच आहे, ताई. एक बोटही इकडची तिकडं नाही."

"पण दगड उचलला होता."

अनसूयाबाईंनी पुढची शेंग उचलली.

"कुणी?"

"तुमच्या घरी कुणी व्रत धरतं का?"

शैलजाची आई धरायची. चातुर्मासात रोज सूर्योदयापर्यंत मौन. एकदा लहानग्या शैलजाचा हात चुलीवर भाजला, तेव्हा आईने तिला कुशीत घेतलं, तूप लावलं, डोळ्यांतून धारा लागल्या. पण ऊन अंगणात येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. शैलजाने ते सांगितलं.

"मग तुम्हाला कळेल," अनसूयाबाई म्हणाल्या. "काही गोष्टी बोलल्या की उतरतात. दिलेलं परत जातं."

परसात, न्हाणीच्या भिंतीला टेकून, तांब्याचं एक मोठं घंगाळ पालथं ठेवलेलं होतं. शैलजाची नजर सहज तिथे गेली. घंगाळ घासून लखलखीत केलेलं, पण काठाच्या आत, जिथे पाण्याची पातळी टेकते तिथे, एक फिकट शेंदरी रेघ होती. कितीही घासलं तरी न गेलेली.

माणूस सगळीकडून हरला की देव पाण्यात घालतो. मागणं पुरं होईपर्यंत देव बाहेर काढायचा नाही, आणि कुणाला सांगायचं नाही. शैलजाच्या आजोळीही एकदा घातले होते. एकोणतीसचा श्रावण. सात वर्षांचं पोर. दोन्ही घरांचा राखणदार.

"तुम्ही त्याला पाण्यात..."

अनसूयाबाईंनी पुढे वाकून तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताला वालाचा कडवट वास होता.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "पोर धड आहे. अजून चांगलं धड आहे."

"पण रंगनाथभाऊंना तरी. ते आत झुरत आहेत. तुम्ही दगड सरकवलात असंही त्यांना वाटत असेल."

"वाटतं. विचारलं त्यांनी. तीनदा विचारलं." त्यांनी शेंगा पुन्हा हातात घेतल्या. "त्यांना सांगितलं तर ते एकनाथभावजींना सांगणारच. सगळीकडं होईल. आणि उद्या त्या पोराला साधा ताप आला तर मी कुणाकडं बघू? मला वचन द्या, ताई."

शैलजाने वचन दिलं. एका बाईने आपला सगळा संसार ज्या शब्दावर तोलून धरला होता, तो शब्द तिला सहजासहजी फोडवेना.

पण व्रत न उघडता खरं सिद्ध करायची एक वाट होती, आणि ती तिला घंगाळाकडे बघतानाच सुचली. दगडाच्या बुडाखालची माती फक्त एवढंच सांगते की दगड उचलला गेला. तो हलला की नाही, हे ती सांगत नाही. ते सांगणार दगडाच्या भोवतीची भर. खळगा खणून दगड रोवताना चहूबाजूंनी जी माती ठोकून बसवतात, ती मातीही त्या दिवशी ऊन पाहून आत जाते. दगड २०२९ साली नव्या जागी बसवला असेल तर भरही २०२९ची निघेल. दगड वर ओढून पुन्हा त्याच खळग्यात ठेवला असेल, तर खळग्याच्या कडेची भर जागची हललेली नसेल. ती २०१० सांगेल. नियमात फक्त बुडाखालचा नमुना घ्यायला सांगितलं होतं, आणि तिने तेवढाच घेतला होता. आजवर तपासलेल्या दोनशेहून अधिक दगडांचा तेवढाच घेतला होता.

फेरतपासणीला खातेदाराचा अर्ज लागतो. ती आत जाऊन रंगनाथच्या खाटेशी बसली. अर्ज द्या, मी पुन्हा तपासते, म्हणाली.

तो भिंतीशीच बोलला. "त्या दिवशी मी शेंदरावर हात ठेवून सांगितलं. तुम्ही दगडाला विचारलंत, मला नाही. आता त्यालाच विचारा."

तिच्या जिभेवर शब्द आला होता. दारात अनसूयाबाई उभ्या होत्या. शैलजाने तो गिळला. अर्जाचा कोरा कागद उशाशी ठेवून ती निघाली. मनात आलं, महिन्याभराने पुन्हा येऊ, तोवर राग निवेल.

वैशाखात रंगनाथ गेला. अनसूयाबाई सकाळी उठवायला गेल्या तेव्हा अंग गार होतं. उशाशी कागद तसाच, कोरा.

एकनाथ कुंपणाच्या आत उभा राहिला, बाहेर आला नाही. मल्हार मात्र पुण्याहून थेट आला आणि बापाकडे न बघता खांदा द्यायला शिरला. अनसूयाबाई रडत नव्हत्या. त्याला पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "जेवून निघालास का?"

*

सातबाऱ्यावर वारस म्हणून अनसूयाबाईंचं नाव लागलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या एसटीने तालुक्याला आल्या. शैलजाच्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी तोच चुरगळलेला कागद पुढे केला. मजकूर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेला, खाली त्यांची ठसठशीत सही.

"जमीन नको मला," त्या म्हणाल्या. "ती त्याच्याकडंच राहू दे. मागंपुढं मल्हारचीच आहे. ह्यांचं नाव तेवढं धुऊन द्या. आणि दगड उचलायचा नाही, ताई."

"नाही उचलणार."

मंजुरी यायला कार्तिक उजाडला. आकाश स्वच्छ, ऊन कोवळं पण लख्ख. मल्हार दिवाळीच्या सुट्टीला आलेला होता. मोजणीपुरता कुंपणाचा करंट बंद केलेला. एकनाथ आणि कांता कुंपणाच्या आत, अनसूयाबाई आपल्या बाजूला तारेशी. मध्ये शैलजा, काळ्या कपड्याखाली.

तिने दगडाच्या चारही अंगांनी, वीतभर अंतरावर, नळ्या घातल्या. एका नळीत तळाला काळे चमकदार कण आले. कोळसा. अण्णांची मूठ.

चार नमुने, चारही उत्तरं एकच : मे २०१०.

शैलजाने अहवाल तिथेच मोठ्याने वाचला. खळगा मूळचा आहे. दगड २०२९ साली उचलला गेला, पण सरकवलेला नाही. तो आज आहे तिथेच वाटणीच्या दिवसापासून आहे. म्हणून पूर्वीचा नकाशा रद्द करून हद्द मूळ बांधावर कायम करावी, अशी शिफारस. दगड उचलण्याचं कारण, या रकान्यापुढे तिने लिहिलं होतं : अज्ञात.

एकनाथने तारेच्या खांबाला धरलं. आठ-नऊ महिने तो ज्या रागावर उभा होता, तो पायाखालून निघाला होता. पण माणसाला राग सोडवत नाही. "मग उचलला कशाला?" तो म्हणाला. "कारणाशिवाय कोण उचलतं? खाली काय पुरलंय?"

शैलजा मध्ये जाईपर्यंत त्याने बागेतली पहार आणली होती. तिने सांगून पाहिलं, खुणेच्या दगडाला हात लावायचा नाही, नियम आहे. त्याने ऐकलं नाही. पहार बुडाशी घातली आणि अंगाचा भार टाकला. दगड कलला, आणि कार्तिकातलं ऊन सरळ खळग्यात गेलं.

तळाला कोळसा होता. त्यावर एक सुपारी, एक सुरकुतलेलं हळकुंड, आणि एका लहान मुलाचा काळा करदोडा, कात्रीने कापलेला, त्यात चांदीचं एक घुंगरू.

कांता पुढे झाली. गुडघ्यांवर बसली. तिने हात लावला नाही, नुसती बघत राहिली.

"हा मल्हारचा," ती म्हणाली. "डोक्याचा फोटो काढायच्या मशीनमध्ये घालायच्या आधी नर्स म्हणाली, अंगावरचं धातूचं सगळं काढा. गाठ सुटेना म्हणून तिनं कापला. वैनी डबा घेऊन आल्या होत्या. मीच त्यांच्या हातात दिला, घरी ठेवा म्हणून." तिने वर पाहिलं. "त्याच रात्रीपासून त्याचा ताप उतरत गेला."

मग तारा वाजल्या. अनसूयाबाई कुंपणातून वाकून आत शिरत होत्या. लुगड्याचा काठ तारेत अडकून फाटला तरी थांबल्या नाहीत. त्या आल्या त्या खळग्यावर ओणव्या झाल्या आणि दोन्ही हातांनी पदर त्यावर पसरला.

"ऊन पडू देऊ नका," त्या म्हणत होत्या. "झाका. झाका ते. मल्हार, तू बघू नको बाळा, मागं हो, मागं हो."

पदर पातळ होता. धुऊन धुऊन विरलेला, रंग गेलेला. ऊन त्यातून गाळून आत उतरत होतं. शैलजाने आपला काळा जाड कपडा झटकला आणि त्या पदरावर पांघरला, कडांवर माती लोटली. आतून उजेड गेला.

एकनाथच्या हातातून पहार गळून पडली होती. "वैनी," तो म्हणाला. "दादाला ठाऊक होतं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मरेपर्यंत?"

"सांगितलं असतं तर ते राहिले असते," अनसूयाबाई म्हणाल्या. कपड्यावर दाबून धरलेले हात त्यांनी काढले नव्हते. "रोज वाटायचं, आज सांगावं. मग संध्याकाळी ह्या पोराचा फोन यायचा, मोठी आई, बरा आहे मी. आईबापाच्या नकळत करायचा तो. मग मी म्हणायची, आजचा दिवस जाऊ दे."

मल्हार मागे झाला नव्हता. तो त्यांच्या शेजारी येऊन बसला होता. अनसूयाबाईंनी एक हात सोडवला, मातीचा तसाच त्याच्या कपाळावर ठेवला, मग गळ्याला लावून पाहिला.

"गरम तर नाही ना वाटत?" त्यांनी विचारलं.

"नाही मोठी आई."

"बघ हं. अंग दुखलं तरी सांग."

दगड चौघांनी मिळून परत बसवला. कपडा काढायचा नाही, असं शैलजानेच सांगितलं. कपडा खळग्यावर तसाच ठेवून, त्याच्यासकट, चाचपडत, दगड जुन्या जागी सोडला. एकनाथने भोवतीची माती हाताने दाबली, आणि दाबतच राहिला, बसून झाली तरी. शेवटी कांताने त्याचं मनगट धरलं.

परतीच्या वाटेवर शैलजाने अहवाल पुन्हा वाचला. अज्ञात हा शब्द तिने खोडला नाही. फेरतपासणीत भरही तपासावी, अशी एक ओळ मात्र तिने वरिष्ठांसाठी खाली वाढवली, आणि आधीच्या दोनशे दगडांची यादी जोडली. त्यांतल्या प्रत्येक घराच्या ओट्यावर आता तिला जाऊन बसायचं होतं.

कार्यालयात पोचल्यावर तिने साहित्याचं रजिस्टर मागवलं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत आजच्या दिवसाआधी तिने कधी खोटी नोंद केली नव्हती. तिने लिहिलं : काळा कपडा एक नग, मोजणीच्या जागी गहाळ. शोध घेतला, सापडला नाही.